ढेकूण, उंदीर आणि भाडेकरार: मुंबईतल्या एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

भाड्याच्या घरात राहायला गेल्यावर महिन्याभरात गादीच्या शिवणीत ढेकूण सापडले, किंवा स्वयंपाकघरातल्या कपाटाला आतून वाळवी लागलेली निघाली, की पहिला प्रश्न खर्चाचा येतो. पेस्ट कंट्रोलचे पैसे कोणी द्यायचे? मालक म्हणतो, तुम्ही येण्याआधी घर स्वच्छ होते. राहणारा म्हणतो, मी आलो तेव्हाच ते भिंतीत होते. करार उघडून पाहावा तर त्यात पंखे, नळ, रंग आणि डिपॉझिट यांचा उल्लेख असतो, किड्यांचा नसतो. ही उणीव फक्त करार लिहिणाऱ्याची नाही. ज्या कायद्यांवर हे करार उभे आहेत, त्यांतही ती दीडशे वर्षांपासून आहे.

आपला भाडेकायदा इंग्रजी कायद्याच्या पोटातून आला. घर भाड्याने देताना ते राहण्याजोगे आहे याची हमी मालक देत नाही, पाहून घेणे हे घेणाऱ्याचे काम, अशी तिथली जुनी समजूत होती. तिला तडा गेला तो ढेकणांमुळे. ब्रायटनमध्ये एका कुटुंबाने सामानासह घर भाड्याने घेतले, ते ढेकणांनी भरलेले निघाले आणि कुटुंब ते सोडून गेले. मालकाने भाड्यासाठी दावा लावला. १८४३ साली स्मिथ विरुद्ध मॅरेबल या खटल्यात न्यायालयाने भाडेकरूच्या बाजूने कौल दिला: सामानासह दिलेले घर राहण्याजोगे असलेच पाहिजे. पण हे तत्त्व सामानासह दिलेल्या घरांपुरतेच राहिले. रिकामी खोली घेणाऱ्या कामगाराला त्याचा काही उपयोग नव्हता, आणि मुंबईत तर बहुतेकांना रिकामीच खोली मिळायची.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने मालकावर दुरुस्तीचा सरसकट बोजा टाकला नाही. मात्र त्याच्या कलम १०८ मध्ये एक मोलाची गोष्ट आली. घराच्या वापराच्या दृष्टीने महत्त्वाचा असा दोष मालकाला ठाऊक असेल, भाडेकरूला ठाऊक नसेल आणि साध्या पाहणीत दिसण्याजोगा नसेल, तर तो मालकाने सांगितलाच पाहिजे. दिवसा फटींत दडून बसणारा ढेकूण या वर्णनात अगदी चपखल बसतो असे माझे मत आहे. भांडणात या कलमाचा आधार फार कमी लोक घेतात.

मग १८९६ चा प्लेग आला. सप्टेंबरमध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी पहिले रुग्ण ओळखले. बंदर, धान्याची गोदामे आणि त्यांना खेटून असलेली दाट घरे, अशी ती वस्ती. रोग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. त्यामुळे सरकारने घराशीच युद्ध पुकारले. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पथके खोल्यांत शिरली, जमिनी उकरल्या गेल्या, भिंतींना चुना लागला, ऊन आत यावे म्हणून छपराची कौले काढली गेली. काही दारांवर ‘मनुष्यवस्तीस अयोग्य’ असा शिक्का पडला. या सगळ्याची झळ सोसली राहणाऱ्यांनी. त्यांचे कपडे आणि अंथरुणे जळाली, त्यांना छावण्यांत नेले गेले. एका खोलीत आठ-दहा माणसे ठेवून भाडे वसूल करणाऱ्या मालकाला त्या मानाने थोडेच जाब विचारले गेले.

फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत पिसवांचा दुवा दाखवला. १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्लेग संशोधकांनी तो पक्का केला. ज्या घरांत प्लेग झाला होता तिथे गिनिपिग सोडले, त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा सापडल्या. मुंबईचा काळा उंदीर गटारापुरता राहत नाही, माणसांच्या सोबत सगळ्या मजल्यांवर आणि छपरात राहतो, हेही त्यांनी नोंदवले. म्हणजे बिळे, फटी, सामानाने भरलेले माळे आणि दोन इमारतींमधली कचऱ्याने तुंबलेली घरगल्ली ही रोगाची खरी वाट होती. बिळे आणि फटी बुजवणे, घरगल्ली मोकळी ठेवणे हे इमारतीच्या मालकाचे काम. पण तोवर धोरणाची दिशा ठरून गेली होती. १८९८ मध्ये शहराच्या सुधारणेसाठी स्थापन झालेल्या सुधार ट्रस्टने दाट वस्त्यांतून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढले, समुद्राचा वारा आत आणला, आणि हजारो लोक बेघर केले. त्यांच्यातले पुष्कळ जण शेजारच्याच चाळींत दाटीवाटीने शिरले. १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या बीडीडी चाळींनीही १६० चौरस फुटांची खोली आणि सामाईक संडास एवढेच दिले.

डासांच्या बाबतीत मात्र मुंबईने वेगळे केले, आणि इथेच मला या इतिहासाची किल्ली सापडते. १९११ मध्ये चार्ल्स बेंटली यांनी शहरातल्या हिवतापाचे मूळ वाड्यांमधल्या आणि घरांमधल्या विहिरींत असल्याचे दाखवले. त्यानंतर पालिकेने विहिरी बुजवा किंवा डास शिरणार नाहीत अशा झाका, असा तगादा थेट मालकांमागे लावला. धार्मिक कारणांवरून विरोध झाला, काही विहिरींना जाळ्या बसवून सवलत मिळाली, पण जबाबदारी कोणाची याबद्दल शंका उरली नाही. आजही गच्चीवरच्या टाकीचे झाकण सैल असेल तर नोटीस मालकाला किंवा सोसायटीला येते. डास शेजाऱ्याच्या घरात जातो, म्हणून कायद्याने त्याची दखल घेतली. ढेकूण आणि झुरळ हे मात्र त्या खोलीत राहणाऱ्याचे खासगी दुःख मानले गेले. चाळीत ढेकूण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत किती सहज जातो हे खाटा उन्हात टाकणाऱ्या आणि सांध्यांत रॉकेल ओतणाऱ्या प्रत्येक गृहिणीला माहीत होते. नियम करणाऱ्यांनी तिला विचारले नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात भाडी भडकली आणि १९१८ मध्ये भाडेनियंत्रण आले. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाण भाडे, म्हणजे मालकाला घेता येईल ते कमाल भाडे, १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले. लाखो कुटुंबांचे छप्पर त्यामुळे वाचले, हे विसरता कामा नये. याच कायद्याने मालकावर घर दुरुस्त ठेवण्याचे बंधनही घातले. पण भाडे गोठले आणि दुरुस्तीचा खर्च वाढत गेला, तेव्हा मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली. कुजलेल्या तुळया, फुटक्या मोऱ्या, भिजलेल्या भिंती, आणि त्यांच्या पाठोपाठ वाळवी, झुरळे, उंदीर. इमारती कोसळू लागल्यावर १९६९ मध्ये कायदा करून दुरुस्ती मंडळ आणि दुरुस्तीच्या खर्चासाठी जुन्या इमारतींवर उपकर, म्हणजे जादा कर, आणावा लागला. त्या मंडळाचे लक्ष इमारत उभी राहते की नाही याकडे होते. मोरीतल्या बिळाकडे नव्हते.

गोठवलेले प्रमाण भाडे हे अवाजवी असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितले. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आज लागू आहे. त्याच्या कलम १४ नुसार उलट करार नसेल तर मालकाने घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवले पाहिजे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळेत काम केले नाही, तर भाडेकरू दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, मात्र वर्षाला त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. कलम २९ मध्ये पाणी आणि विजेबरोबर सफाईची सेवाही अत्यावश्यक धरली आहे. ‘कीड’ यांत कुठेच नाही. म्हणून तक्रार लिहिताना ‘झुरळे झाली’ एवढे लिहून भागत नाही. ती फुटक्या ड्रेनेज पाइपमधून येतात, उंदीर मोरीच्या तुटलेल्या जाळीतून येतो, वाळवी ओल्या भिंतीतून चौकटीत शिरली आहे, असे दुरुस्तीशी जोडून आणि फोटोंसह लिहावे लागते.

खरी अडचण ११ महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारात आहे. त्यात घर भाडेपट्ट्याने दिले जात नाही, राहण्याची नुसती परवानगी, म्हणजे लायसन्स, दिली जाते. कलम १४ भाडेकरूबद्दल बोलते, आणि लायसन्सवर राहणारा कायद्याच्या नजरेत भाडेकरू नसतो. पुण्या-मुंबईतली आजची बहुतेक तरुण मंडळी या कुंपणाबाहेरच आहेत. त्यांना आधार उरतो तो कराराचा, आणि १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या (ईझमेंट्स ॲक्ट) कलम ५७ चा: राहणाऱ्याच्या जिवाला किंवा वस्तूंना धोका होईल असा दोष मालकाला माहीत असेल तर तो त्याने सांगायला हवा.

केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, तो राज्यांनी स्वीकारला तरच लागू होतो. त्याच्या परिशिष्टात कामांची वाटणी आहे. रचनात्मक दुरुस्ती, रंगकाम, पाइप आणि वायरिंग मालकाकडे. गटार साफ करणे, नळाचे वॉशर आणि माश्या अडवणाऱ्या जाळ्या बदलणे राहणाऱ्याकडे. कीटकनाशक फवारणी आणि वाळवीचा बंदोबस्त या यादीत नाहीत. कायद्यात ते येईपर्यंत हे दोन मुद्दे करारात आपणच घालून घ्यायचे: ताबा देण्याआधी पेस्ट कंट्रोल झाल्याची पावती, आणि वाळवी व आधीपासूनच्या ढेकणांचा खर्च मालकाचा.