कमवा व शिका

विद्यार्थ्याने संस्थेच्या शेतात, बांधकामावर, ग्रंथालयात किंवा कार्यालयात काम करून आपल्या शिक्षणाचा व राहण्या-जेवण्याचा खर्च काही अंशी वा पूर्णपणे भागवण्याची पद्धत. महाराष्ट्रात ती रूढ झाली ती मुख्यतः साताऱ्याच्या रयत शिक्षण संस्थेमुळे. शिष्यवृत्ती परत करावी लागत नाही आणि कर्ज फेडावे लागते. येथे हाती येणारे पैसे मात्र कामाचा मोबदला असतात.

पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील (१८८७–१९५९) यांचा १९१० च्या सुमारास दुधगाव (सध्या जि. सांगली) येथील विद्यार्थी आश्रमाशी संबंध होता, तिचे बीज तेथे शोधता येते. काले (ता. कराड) येथे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, त्यामुळे तो मानही कालेकडे जाऊ शकतो. कोल्हापुरात १९०१ पासून राजर्षी शाहूंच्या प्रोत्साहनाने निघालेली वसतिगृहे हा तिसरा धागा; भाऊराव स्वतः तेथील जैन बोर्डिंगात राहिले होते. पण ती वसतिगृहे बहुतांशी जातवार होती आणि देणग्या व दरबारी साहाय्य हा त्यांचा आधार होता. अमेरिकेत १८८१ मध्ये स्थापन झालेल्या टस्कीगी संस्थेत विद्यार्थी विटा भाजून स्वतःच्या इमारती बांधत. हे साम्य ठळक असले, तरी साम्यावरून अनुकरण सिद्ध होत नाही. सर्व जातींची मुले एकत्र राहून स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे करू लागली ते साताऱ्याच्या वसतिगृहात. १९२४ मध्ये निघालेल्या या वसतिगृहाला १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. पद्धतीचा आरंभ येथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. अर्थात ते केवळ मुलांच्या घामावर चालले नाही. त्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांचे दागिने गेले, मंगळसूत्रही गेले.

महाराजा सयाजीराव विद्यालय (१९४०) आणि छत्रपती शिवाजी कॉलेज (१९४७) यांमुळे पद्धत माध्यमिक व महाविद्यालयीन स्तरावर पोचली. पुढे विद्यापीठांनीही ती स्वीकारली; पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या योजनेला भाऊरावांचेच नाव आहे. आता काम तासांवर मोजले जाते व त्याची हजेरी ठेवली जाते.

राज्य शासनाची ‘ईबीसी’ (आर्थिकदृष्ट्या मागास वर्गासाठीची) सवलत याहून वेगळी. सध्या ती राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती या नावाने महाडीबीटी संकेतस्थळावरून मिळते. कौटुंबिक वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. तिचा संबंध शुल्काशी. खोलीभाडे, मेस व एसटीचा पास तिच्यात येत नाहीत.