संगीत चित्रफीत

संगीत चित्रफीत (म्यूझिक व्हिडिओ) : आधी ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्यावर, त्याच्याच लांबीची बेतलेली स्वतंत्र चित्रफीत. चित्रपटातील गाणे कथेचा भाग असल्याने सहसा या व्याख्येत धरत नाहीत. चित्रीकरणाचे तंत्र मात्र दोन्हींकडे जवळजवळ एकच आहे.

उगमाबद्दल एकमत नाही. काही लेखक 1894 मध्ये न्यूयॉर्कमधील मार्क्स आणि स्टर्न या प्रकाशकांनी एका गाण्यासोबत दाखवलेल्या, हाताने रंगवलेल्या काचचित्रांपर्यंत मागे जातात. तेथे गायक प्रत्यक्ष गात असे, ध्वनिमुद्रण नव्हते. त्यामुळे त्याला पूर्वरूप म्हणणेच सयुक्तिक. त्यापेक्षा फ्रान्समधील गोमाँ कंपनीच्या ‘फोनोसेन’चा दावा अधिक ग्राह्य वाटतो. साधारण 1902 पासून अ‍ॅलिस गी यांच्या दिग्दर्शनाखाली अशा शंभरच्या आसपास फिती निघाल्या. त्यांत गाणे प्रथम तबकडीवर मुद्रित होई आणि मग ती वाजवून कलाकार कॅमेऱ्यापुढे ओठ हलवीत. प्रक्षेपक आणि तबकडीयंत्र यांच्या मोटारी विजेने जोडलेल्या असत. चित्र मागेपुढे झाल्यास वेग कमीजास्त करण्याची सोय ऑपरेटरपाशी होती. तबकडीच्या सर्वच पद्धतींना एक दुखणे होते. सुई एक खाच उडाली की उरलेले गाणे बिघडे. तुटलेली फिल्म काही चौकटी (फिल्मवरील एकेक चित्र) कापून जोडली, तर तेवढ्याच चौकटींनी ओठ गाण्याच्या पुढे धावत. यावर उपाय एकच, कापल्या तितक्या काळ्या चौकटी मध्ये घालणे.

शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीचे ‘पॅनोरॅम’ हे 1940 च्या सुमाराचे यंत्र हॉटेलांत व बारमध्ये असे. त्यातील ‘साउंडी’ फिती 16 मिमी होत्या. आठ फिती जोडून एक अखंड वेटोळे केलेले असे. दहा सेंट टाकले की पुढची फीत लागे, पसंतीचे गाणे निवडता येत नसे. चित्र आरशांतून पडद्याच्या मागील बाजूस पडत असल्याने प्रती उलट्या छापत. म्हणूनच साध्या प्रक्षेपकावर त्यांतील वादक डावखुरे दिसतात. 1960 चे फ्रेंच ‘स्कोपिटोन’ यंत्र रंगीत होते व त्यात 36 फितींतून निवड करता येई.

चित्रीकरण : गायकाने खरोखर मोठ्याने गावे. नुसते ओठ हलवले तर गळ्याच्या शिरा ताणत नाहीत आणि खोटेपणा लगेच कळतो. गाण्याआधी तीन टिकटिक मुद्रित करून ठेवतात, म्हणजे पहिला श्वास वेळेवर घेता येतो. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मी. जातो, सेकंदाला 24 चौकटी धरल्यास दर 14 मी. अंतराला एक चौकट उशीर होतो. कर्णा 30 मी. दूर ठेवला की ओठ दोन चौकटी मागे पडलेच. यासाठी छोटा स्पीकर गायकाजवळ ठेवतात, किंवा कानात बसणारा बारीक स्पीकर देतात. संथगतीसाठी 48 चौकटींनी चित्रण करताना गाणे दुप्पट वेगाने वाजवतात. 24 ने दाखवल्यावर ओठ जुळतात, केस व पदर तेवढे तरंगतात.

दूरचित्रवाणीने आणखी एक अडचण आणली. भारतातील प्रक्षेपण 25 चौकटींचे होते. 24 ने चित्रित केलेली फिल्म तशीच चढवली तर चार मिनिटांचे गाणे साडेनऊ सेकंद आधीच संपते, म्हणून मुळातच 25 ने चित्रण करावे. अमेरिकी पद्धतीत फिल्म फक्त 0.1 टक्का संथ चाले, तरी गाण्याच्या शेवटी पाव सेकंदाचा फरक साचतो. तेथे चित्रणाच्या वेळी गाणे तितकेच जलद वाजवत.

प्रसार : 1965 पासून बीटल्स हे ब्रिटिश गायक-वादक स्वतः दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत जाण्याऐवजी वाहिन्यांना फिती पाठवू लागले. क्वीन या वाद्यवृंदाची 1975 ची प्रसिद्ध फीत सुमारे चार तासांत व्हिडिओ टेपवर चित्रित झाली. 1 ऑगस्ट 1981 रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही संगीतवाहिनी सुरू झाली. तिला या प्रकाराची जन्मदात्री मानण्याची सवय मात्र टिकणारी नाही.

भारतात 1935 च्या ‘धूप छाँव’पासून पार्श्वगायन रुळले. मुंबई दूरदर्शनच्या ‘छायागीत’मुळे कथेपासून सुटे केलेले गाणे पाहण्याची सवय प्रेक्षकांना आधीच होती. पुढे चॅनल व्ही (1994) आणि एमटीव्ही इंडिया (1996) आल्या. अलिशा चिनॉय यांची ‘मेड इन इंडिया’ (1995) याच काळातली. मराठीत वैशाली सामंत यांच्या ‘ऐका दाजिबा’ने हा प्रकार घरोघरी नेला.

यूट्यूबनंतर नुसते शब्द दाखवणाऱ्या स्वस्त फिती वाढल्या. देवनागरीत त्यांत नेहमीची चूक म्हणजे डावीकडे यायची ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे पडणे व जोडाक्षरे सुटी होणे. संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुरासाठी दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडून युनिकोड फॉन्ट वापरला की ती टळते.