ड्रॅग मोटारीसाठी मॅन्युअल गिअरबॉक्सची निवड

ड्रॅग शर्यतीत मोटार उभ्या जागेवरून सुटते आणि सरळ पट्ट्यावर पाव मैल (४०२ मीटर) किंवा त्याच्या निम्मे अंतर कापते. धाव काही सेकंदांचीच असते, पण हजार अश्वशक्तीच्या घरातल्या मोटारीत तेवढ्यात गिअरबॉक्सचे दात उडू शकतात. म्हणून अशा मोटारीचा गिअरबॉक्स क्लच, टायर आणि मागच्या आसाचे गुणोत्तर यांच्यासोबतच ठरवावा लागतो.

निवड अश्वशक्तीच्या आकड्यावरून करणे ही सर्रास होणारी चूक आहे. गिअरबॉक्स मोडतो तो टॉर्कने, म्हणजे फिरवणाऱ्या जोराने, आणि त्याहूनही जास्त टॉर्कच्या झटक्याने. मिनिटाला ९,००० फेऱ्यांना १,००० अश्वशक्ती देणारे इंजिन त्या क्षणी सुमारे ७९० न्यूटन-मीटर टॉर्क देते. तेवढीच शक्ती ५,५०० फेऱ्यांना देणारे मोठे इंजिन सुमारे १,२९५ न्यूटन-मीटर. पहिल्याला पुरणारा गिअरबॉक्स दुसऱ्यापुढे टिकेलच असे नाही. शिवाय क्लच एकदम सोडला की इंजिनाच्या वेगाने फिरणाऱ्या जड चाकात (फ्लायव्हील) साठलेली ऊर्जाही गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर येऊन आदळते. टायर घसरला तर हा झटका वाया जातो आणि दात वाचतात. टायरने पकड धरली आणि गाडी जड असली, तर सगळा मार पहिल्या गिअरवर बसतो. उंच, मऊ कडांचा स्लिक (नक्षी नसलेला) टायर सुटताना चुरगळतो आणि झटक्याचा काही भाग पोटात घेतो. थोडा घसरून मग धरणारा, वजने लावून जुळवता येणारा क्लचही हेच काम करतो. माझ्या मते असा क्लच न बसवता नुसता महागडा गिअरबॉक्स घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

ताकद पाहताना मुख्य शाफ्ट आणि त्याला समांतर असलेला काउंटरशाफ्ट यांच्या मध्यांतले अंतर पाहावे. ते जास्त असले की चक्रे मोठी आणि दात जाड करता येतात. भाराखाली चक्रे एकमेकांना दूर लोटतात. कवच लवचिक असेल तर दात पूर्ण रुंदीने न भिडता कडेवर भिडतात आणि तुटतात. तिरक्या दातांची चक्रे शांत चालतात, पण शाफ्टला लांबीच्या दिशेने रेटतात. सरळ दातांची चक्रे कर्कश ओरडतात, पण तो रेटा देत नाहीत. शर्यतीसाठी म्हणूनच ती पसंत केली जातात.

गिअर पडतो कसा, यावर निवडीचा खरा निकाल लागतो. सिंक्रोनायझर घर्षणाने दोन वेग जुळवतो आणि त्याला वेळ लागतो. फार फेऱ्यांना तो गिअर अडवतो. त्याच्या जागी बसवल्या जाणाऱ्या डॉग रिंगमध्ये मोजके, जाड खुंट आणि त्यांच्यामध्ये रुंद खाचा असतात, त्यामुळे गिअर झटक्यात बसतो. क्लचविना बदलणाऱ्या प्रकारात खुंटांची मागची बाजू उतरती घडवलेली असते. पुढचा गिअर बसताच आधीचा या उतारावरून आपोआप बाहेर फेकला जातो. अमेरिकेतील एनएचआरए या संघटनेच्या प्रो स्टॉक गटात असे पाच गिअरचे खोके वापरतात. क्लच लागतो तो फक्त सुटताना. लेन्को या प्रकाराची रचना निराळी: प्रत्येक टप्प्याला वेगळा ग्रहचक्री (मधल्या चक्राभोवती फिरणाऱ्या चक्रांचा) संच आणि वेगळा लिव्हर.

गुणोत्तरांत घाई नको. पहिला गिअर २.४० आणि दुसरा १.६० असेल, तर ८,००० फेऱ्यांवर बदलताच इंजिन ५,३३३ वर येते; दुसरा १.८० केला तर ६,००० वर. टर्बो इंजिनात दाब टिकवायला हा फरक फार मोलाचा. भरपूर टॉर्क असलेल्या हलक्या गाडीला मात्र पहिला गिअर खोल (मोठ्या गुणोत्तराचा) देऊ नये, टायर जागच्या जागी फिरतात. शेवटचा गिअर अंतिम रेषेवरच्या वेगावरून ठरतो: २८ इंच व्यासाचा टायर, मागच्या आसाचे गुणोत्तर ४.१० आणि शेवटचा गिअर १.०० असेल तर ८,००० फेऱ्यांना गाडी ताशी सुमारे २६० किलोमीटरवर असते.

क्लच फुटला तर तुकडे चालकाच्या पायांकडे उडतात. म्हणून एसएफआय (शर्यतीच्या सुरक्षा-साहित्याची मानके ठरवणारी संस्था) प्रमाणित बेलहाउसिंगशिवाय, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाशिवाय, अशी गाडी पट्ट्यावर नेऊच नये.

डॉगचा खोका उघडून पाहायची सवय लावावी लागते. गिअर अर्धवट टाकला गेला की खुंटांचे कोपरे गोल होत जातात. आधी नखाला जाणवणारी धार नाहीशी होते, तिथे चकाकी येते, आणि काही धावांनंतर भाराखाली गिअर सुटू लागतो. तेलातल्या चुंबकावर बारीक राखाडी लेप असला तर काळजी नाही. चिमटीत धरता येतील असे कण दिसले, तर पुढची धाव थांबवून खोका उघडावा.