तान्ह्या बाळाच्या प्लेटलेट: आकड्यापलीकडची पार्श्वभूमी

पावसाळ्यात नागपुरात कोपऱ्यात सारलेल्या कूलरच्या टाक्यांत डास वाढतात, डेंग्यू येतो आणि जो तो विचारू लागतो, ‘किती आल्या प्लेटलेट?’ मेडिकल असो की मेयो, दोन्ही सरकारी रुग्णालयांत नातेवाइकांची नजर रिपोर्टमधल्या त्याच ओळीवर. तान्ह्या बाळाच्या बाबतीत मात्र नुसत्या आकड्यावर भागत नाही, हे डॉक्टरांनाही फार उशिरा उमगलं.

प्लेटलेट म्हणजे रक्तस्राव थांबवणारे रक्तातले बारीक कण. जखमी रक्तवाहिनीला हे कण कसे चिकटतात, ते इटलीच्या ज्युलिओ बिझोझेरो यांनी 1882 मध्ये दाखवलं. पुढे 1910 मध्ये विल्यम ड्यूक यांनी साधीच चाचणी काढली: कानाच्या पाळीला बारीक छेद द्यायचा, दर अर्ध्या मिनिटाला टीपकागद टेकवायचा आणि डाग उमटायचा कधी थांबतो ते बघायचं. 1918 मध्ये स्वित्झर्लंडचे बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमान यांनी अशा रुग्णांचं वर्णन केलं, ज्यांच्या प्लेटलेट भरपूर होत्या, पण कामाच्या नव्हत्या. संख्या आणि काम यांची फारकत तिथे पहिल्यांदा ठळक झाली.

नवजात बाळाने हा गुंता आणखी वाढवला. त्याचा आकडा मोठ्यांसारखाच, दीड ते साडेचार लाख. पण प्रयोगशाळेत प्लेटलेटना कामाला लावणारं कोलॅजेन किंवा थ्रॉम्बिन घातलं, तर त्याच्या प्लेटलेट सुस्त. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या तर जास्तच. म्हणजे रक्त जास्त वेळ वाहायला हवं ना? पूर्ण दिवसांच्या बाळात ते मोठ्यांपेक्षा लवकर थांबतं! कारण बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी जास्त आणि आकाराने मोठ्या. त्या प्लेटलेटना रक्तवाहिनीच्या भिंतीकडे ढकलतात. शिवाय प्लेटलेटला भिंतीशी चिकटवणारा व्हॉन विलेब्रँड घटकही जास्त, त्याच्या साखळ्या लांब. सुस्ती बरीचशी पहिल्या दोनेक आठवड्यांत ओसरते.

तरीही आकडा घसरला की प्लेटलेटची पिशवी चढवायची, ही सवय टिकली. युरोपात 660 अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2019 मध्ये छापून आले. 25 हजारांच्या खाली गेल्यावरच प्लेटलेट दिलेल्या गटात मृत्यू किंवा मोठा रक्तस्राव 19 टक्के. 50 हजारांच्या खाली जाताच द्यायला घेतलेल्या गटात 26 टक्के. पिशवीतल्या प्लेटलेट मोठ्या माणसाच्या, चपळ. बाळाचं रक्त मात्र सुस्त प्लेटलेटशी जुळवून घेतलेलं. घोटाळा इथेच होत असावा, असा एक संशय आहे.