पाळी चुकली आहे, कार्डावर एकच लाइन आली. हे ‘नाही’ कधी खरं मानायचं?

पाळी दोन दिवस पुढे गेली, मेडिकलमधून गरोदरपण तपासायचं कार्ड आणलं, एकच लाइन उमटली. प्रश्न मिटला असं समजून मुरुमांसाठीची आयसोट्रेटिनॉइनची गोळी पुढेही चालू राहते. ही गोळी गर्भाला गंभीर व्यंग आणू शकते. आठ-दहा दिवसांनी, पाळी तरीही आली नाही म्हणून दुसरं कार्ड लावलं की दोन लाइन येतात. पहिलं कार्ड खराब नव्हतं, ते फक्त लवकर लावलं गेलं होतं. घरच्या तपासणीतलं ‘हो’ जवळजवळ नेहमी खरं असतं. ‘नाही’ मात्र त्या दिवसापुरतं असतं, आणि ते केव्हा कायम धरायचं हे दिवस मोजूनच ठरतं.

दिवस का मोजायचे हे समजायला एचसीजी या संप्रेरकाचा प्रवास पाहू. बीज सुटतं, गर्भनलिकेत त्याचं शुक्राणूशी मीलन होतं, तेव्हा लघवीत काहीही सापडत नाही. फलित बीज सरकत गर्भाशयात येऊन अस्तरात रुजायला बीज सुटल्यापासून 6 ते 12 दिवस घेतं, बहुतेकींमध्ये 8 ते 10. ज्या पेशींपासून पुढे वार तयार होते, त्या पेशी रुजल्यावरच एचसीजी रक्तात सोडू लागतात आणि तिथून ते लघवीत उतरतं. सुरुवातीच्या आठवड्यांत त्याचं प्रमाण साधारण दोन ते तीन दिवसांत दुप्पट होतं. बाजारातली बरीचशी कार्डं दर मिलिलीटरला 25 मिलि-युनिटच्या पुढचं एचसीजी ओळखतात. समजा, आज ते 5 आहे आणि दर दोन दिवसांनी दुप्पट होतंय. परवा 10, चौथ्या दिवशी 20, सहाव्या दिवशी 40. म्हणजे चौथ्या दिवशीचं कार्ड ‘नाही’ म्हणेल आणि सहाव्या दिवशीचं ‘हो’. बाई मात्र या सगळ्या दिवसांत गरोदरच असते.

पाळी नियमित असेल तर ती चुकल्याच्या दिवसापासून तपासणी करता येते. पण त्या महिन्यात बीज दोन-चार दिवस उशिरा सुटलेलं असू शकतं. म्हणून पहिल्या ‘नाही’नंतर 2-3 दिवसांनी पुन्हा, आणि तरीही पाळी आली नाही तर पाळी चुकून आठवडा झाल्यावर एकदा तपासावं. पीसीओएसमुळे (संप्रेरकांच्या बिघाडाने बीज अनियमितपणे सुटण्याचा विकार) पाळी दोन-दोन महिन्यांनी येत असेल, तर ‘चुकली’ म्हणायला तारीखच नसते. अशा वेळी शेवटच्या असुरक्षित संबंधापासून 21 दिवस मोजावेत. या आकड्यामागचा हिशेब असा: शुक्राणू आत 5 दिवसांपर्यंत टिकतात, रुजायला 12 दिवसांपर्यंत लागू शकतात, आणि कार्डाला दिसण्याइतकं एचसीजी साठायला आणखी चारेक दिवस. 21 दिवसांनंतर नीट केलेल्या तपासणीत ‘नाही’ आलं, तर ते त्या संबंधापुरतं पक्कं धरता येतं. त्यानंतर पुन्हा असुरक्षित संबंध आला असेल तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

हीच मोजणी अंगावर पाजणाऱ्या आईलाही लागू आहे. बाळंतपणानंतर पाळी सुरू होण्याआधीच बीज सुटू शकतं, त्यामुळे ‘अजून पाळीच आली नाही, मग दिवस कसे राहतील’ हा समज चुकीचा आहे. अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनने पाळी महिनोन्‌महिने बंद राहू शकते, तिथेही पाळीवरून अंदाज बांधू नये. संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यायच्या तातडीच्या गर्भनिरोधक गोळीनंतर पाळी मागेपुढे होते, तेव्हाही 21 दिवसच धरावेत. आणि पाळीच्या सुमारास एक-दोन दिवस नुसते डाग पडले, नेहमीसारखं रक्त गेलं नाही, तर ती पाळी आली असं धरून तपासणी सोडून देऊ नका. गरोदरपणाच्या सुरुवातीला असे डाग पडू शकतात.

आता प्रत्यक्ष कार्ड. पाकिटात प्लास्टिकचं कार्ड, ड्रॉपर आणि ओलावा शोषणारी एक छोटी पुडी असते. ती पुडी फेकून द्यायची, तिचा तपासणीशी संबंध नाही. पाकीट आधी फोडून ठेवू नये. दमट हवेत पट्टी खराब होते. सकाळची पहिली लघवी घ्यायला सांगतात, कारण रात्रभर साठल्याने ती दाट असते. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत रात्रपाळी करणाऱ्यांनी सकाळ शोधत बसू नये. सगळ्यात मोठ्या झोपेनंतरची पहिली लघवी, मग ती दुपारी चारची का असेना. लघवी व्हावी म्हणून तांब्याभर पाणी पिऊन केलेली तपासणी सुरुवातीच्या दिवसांत फसवते, कारण पाण्यासारख्या लघवीत एचसीजी विरळ होतं.

भांडं कोरडं आणि साबणाचा अंश नसलेलं हवं. कार्ड सपाट जागी ठेवा, ड्रॉपर उभा धरा आणि ‘एस’ लिहिलेल्या गोल खळग्यात पाकिटावर लिहिले असतील तेवढे, बहुधा 2 ते 3 थेंब, एकेक करून टाका. बुडबुडा गेला तर तो थेंब धरू नका. कमी पडलं तर ओल पट्टीच्या टोकापर्यंत पोचत नाही, आणि पिचकारी मारली तर पट्टी तुंबून रंगाचे ओघळ येतात. लघवी पट्टीतून पुढे सरकताना वाटेत वाळवून ठेवलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण सोबत घेते. इतक्या बारीक आकारात सोनं पिवळं दिसत नाही, लाल दिसतं. या कणांवर एचसीजीला चिकटणारी प्रतिपिंडं बसवलेली असतात. कार्डावर ‘टी’ लिहिलेल्या, म्हणजे तपासणीच्या रेघेच्या जागी एचसीजीचा दुसरा भाग पकडणारी प्रतिपिंडं पट्टीवर घट्ट बसलेली असतात. लघवीत एचसीजी असेल तर ते दोन्हींच्या मध्ये अडकतं, सोन्याचे कण तिथेच थांबतात आणि लाल-गुलाबी रेघ उमटते. उरलेले कण पुढे ‘सी’वर, म्हणजे कार्ड नीट चाललंय हे दाखवणाऱ्या रेघेवर थांबतात. ती रेघ एचसीजी असो-नसो यायलाच हवी. नाही आली, तर ‘टी’वर काहीही दिसलं तरी कार्ड बाद.

निकाल 3 ते 5 मिनिटांत पाहायचा, फार तर पाकिटावर दिलेल्या मुदतीपर्यंत, जी बहुधा 10 मिनिटांची असते. त्या वेळात ‘टी’वर रंग असलेली रेघ आली, कितीही फिकट असली, तरी ती ‘हो’च. फिकट रेघ म्हणजे ‘अर्धवट’ किंवा ‘कच्चा गर्भ’ असं काही नसतं. एचसीजी अजून थोडं आहे एवढाच तिचा अर्थ. दोन दिवसांनी नव्या कार्डावर ती गडद व्हायला हवी. उलट तासाभराने कचऱ्यातून कार्ड काढून पाहिलं आणि राखाडी, बिनरंगाची रेघ दिसली, तर ती पट्टी वाळल्याची खूण असते. तिला मोजायचं नाही. या एका रेघेने घराघरांत किती आशा आणि किती धास्ती निर्माण होते हे स्त्रीरोगतज्ज्ञांना रोज दिसतं. म्हणून घड्याळ लावून बसा आणि मुदत संपली की कार्ड टाकून द्या.

कार्ड कुठे ठेवलं होतं यालाही महत्त्व आहे. पाकिटावर बहुधा 2 ते 30 अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं. एप्रिल-मे महिन्यात नाशिकमध्ये पारा चाळिशीजवळ जातो, मालेगावात त्याच्याही वर. पत्र्याच्या घरात किंवा उन्हातल्या गाडीत राहिलेल्या कार्डातली प्रतिपिंडं, जी शेवटी प्रथिनंच असतात, कमजोर पडू शकतात आणि ‘टी’ची रेघ उमटत नाही. निफाडच्या जानेवारीतल्या पहाटे उलटी अडचण: कार्ड आणि लघवी गार असतील तर क्रिया संथ होते. दोन्ही खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच थेंब टाका. मुदतीची तारीख पाहूनच कार्ड घ्या. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर मेडिकल दूर असलं तरी आशाताईंकडे सरकारचं ‘निश्चय’ किट मोफत मिळतं. महागड्या डिजिटल कांडीत आणि साध्या कार्डात तत्त्व एकच आहे, त्यामुळे पैसे वाचवून दुसऱ्या तपासणीसाठी दुसरं साधं कार्ड घेतलेलं बरं.

साखर, मीठ, टूथपेस्ट, खायचा सोडा हे उपाय मोबाइलवर फिरतात. यातला एकही पदार्थ एचसीजी ओळखत नाही. सोडा फसफसतो तो लघवी आम्लधर्मी असल्यामुळे, आणि पुरुषाच्या लघवीनेही फसफसतो. नाडीवरूनही हे ठरत नाही. मळमळ, स्तन दुखणं, थकवा ही लक्षणं पाळीच्या आधी प्रोजेस्टेरॉनमुळेही येतात, त्यामुळे ती तपासणी करायला पुरेशी आहेत, निर्णय द्यायला नाहीत.

चुकीचं ‘हो’ क्वचित येतं, पण त्याची कारणं ठरलेली आहेत. वंध्यत्वाच्या उपचारात बीज सुटण्यासाठी एचसीजीचंच इंजेक्शन देतात. त्याचा अंश 10 ते 14 दिवस राहू शकतो, म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या तारखेआधी कार्ड लावू नये. गर्भपात किंवा बाळंतपणानंतर काही आठवडे एचसीजी रक्तात उरतं. रुजलेला गर्भ पाचव्या आठवड्याच्या आतच गळून पडला, तर आधी दोन लाइन येतात आणि मग पाळीसारखं रक्त जातं. तिथे कार्ड चुकलेलं नसतं, गर्भ खरंच राहिला होता. अंडाशयाच्या काही गाठींमध्येही एचसीजी वाढतं. पॅरासिटामॉल, अँटिबायोटिक किंवा गर्भनिरोधक गोळ्यांचा कार्डावर परिणाम होत नाही. उलट्या बाजूचा एक दुर्मीळ फसवा प्रकार मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. पाळी चुकून दोन-तीन महिने झाले असताना एचसीजी आणि त्याचे तुकडे इतके जास्त असतात की ‘टी’वरची आणि कणांवरची प्रतिपिंडं वेगवेगळी भरून जातात, दोन्हींना जोडणारं कुणी उरत नाही आणि रेघ येत नाही. द्राक्षगर्भातही (गर्भाऐवजी वारेच्या पेशी द्राक्षांच्या घडासारख्या वाढतात तो विकार) हे होतं. इतके दिवस पाळी नसेल तर एका कार्डाच्या ‘नाही’वर थांबू नका, थेट सोनोग्राफी करा.

रक्ताची तपासणी, लॅबमध्ये जिला ‘बीटा’ म्हणतात, ती आकडा देते. 5 च्या खाली म्हणजे नाही, 25 च्या वर म्हणजे हो, मधला आकडा आला तर 48 तासांनी पुन्हा. तिचं खरं बळ एका आकड्यात नसून दोन आकड्यांमधल्या वाढीत आहे. पहिला आकडा 1500 च्या खाली असेल तर वाढत्या गर्भात तो 48 तासांत साधारण निम्म्याने तरी वाढतो: 200 चे निदान 300. त्याहून कमी वाढला, अडखळला किंवा उतरला तर गर्भ टिकत नाहीये किंवा भलत्या जागी आहे, अशी शंका घ्यावी लागते. दोन्ही वेळा एकाच लॅबमध्ये रक्त द्या, वेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला आधी सांगा, काही यंत्रांवर त्यामुळे आकडा खोटा कमी येतो.

कार्ड आणि रक्त फक्त गर्भ आहे की नाही ते सांगतात. तो कुठे आहे हे सोनोग्राफीच सांगते. योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून सुमारे 5 आठवड्यांनी गर्भाची पिशवी दिसते, सहाव्या-सातव्या आठवड्यात हृदयाचे ठोके. पोटावरून पाहताना आणखी आठवडाभर थांबावं लागतं. काही त्रास नसेल तर सातव्या आठवड्यात जाणं उत्तम. लवकर गेल्यावर ‘काही दिसत नाही’ हे ऐकून विनाकारण झोप उडते.

पण त्रास असेल तर थांबायचं नाही. पाळी चुकलेली आहे आणि ओटीपोटात, विशेषतः एका बाजूला दुखतंय, डाग पडताहेत, चक्कर येतेय किंवा खांद्याच्या टोकाला कळ येतेय, तर गर्भ नलिकेत असू शकतो. नलिका फुटली की पोटात रक्तस्राव होतो. खांद्यातली कळ याच रक्ताने श्वासपटलाला त्रास झाल्याने येते. तांबी बसवलेली असताना किंवा कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रियेनंतर दिवस राहिले तर ही शक्यता वाढते. कार्ड फिकट ‘हो’ म्हणत असेल तरी हाच नियम. 108 ला फोन करा, जिल्हा रुग्णालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा.

‘हो’ आलं आणि मूल हवं असेल, तर त्याच दिवसापासून फॉलिक अ‍ॅसिड, रोज 400 मायक्रोग्रॅम. गर्भाच्या मेंदू-मज्जारज्जूची नळी पाळी चुकल्यानंतर दोनेक आठवड्यांत बंद होते, त्यामुळे खरं तर ही गोळी मूल हवं असं ठरवल्यापासूनच घ्यायची. मुरुमांची आयसोट्रेटिनॉइन लगेच थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. फिट्स, रक्तदाब यांच्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नका, पण त्या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला जाणाऱ्यांनी मुकादमाला स्पष्ट सांगून फवारणी आणि छाटणीनंतर वेलीच्या डोळ्यांना (कळ्यांना) लावायच्या हायड्रोजन सायनामाइडच्या पेस्टपासून दूर राहावं. ‘अजून कुणाला सांगायचं नाही’ म्हणून हे काम चालू ठेवण्याइतकं ते निरुपद्रवी नाही.

मूल नको असेल, तरीही आधी सोनोग्राफी. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्या नलिकेतल्या गर्भावर चालत नाहीत. रक्तस्राव झाला म्हणून सुटलो असं वाटतं आणि नलिकेतला गर्भ वाढत राहतो. कायद्याने 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने, आणि ठरावीक गटांतल्या स्त्रियांना 24 आठवड्यांपर्यंत दोघांच्या मताने, मान्यताप्राप्त केंद्रात गर्भपात करता येतो. 18 वर्षांवरील स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही, नाव गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. त्यानंतर महिनाभर कार्ड दोन लाइन दाखवू शकतं. गर्भ पिशवीत उरला आहे का, हे त्या कार्डावरून न ठरवता डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला जाऊन तपासून घ्यावं.