समाजशास्त्राची पदवी: पात्रता, अर्ज आणि कागदपत्रे

बारावीला समाजशास्त्र नव्हतं म्हणून पदवीला मिळणार नाही, असं धरून बरेच जण अर्जच भरत नाहीत. बहुतेक विद्यापीठांत अशी अट नसते. पहिल्या वर्षाचे पेपर विषयाची तोंडओळख नसलेल्यांसाठीच आखलेले असतात, त्यामुळे विज्ञान किंवा वाणिज्य शाखेतूनही येता येतं. पाहिलं जातं ते शालेय शिक्षण पूर्ण आहे का, किमान गुण आहेत का आणि शिकवण्याची भाषा तुमची नसेल तर भाषाचाचणी दिली आहे का.

अर्जाचा रस्ता देशानुसार बदलतो. ब्रिटनमध्ये यूकास या सामायिक प्रवेश यंत्रणेच्या एकाच अर्जात जास्तीत जास्त 5 पर्याय भरता येतात. अमेरिकेत अनेक ठिकाणी मुख्य विषय प्रवेशानंतर ठरवता येतो, त्यामुळे अर्जात समाजशास्त्र लिहिलं नाही तरी दार बंद होत नाही. भारतात 2022पासून केंद्रीय विद्यापीठांचे पदवी प्रवेश प्रामुख्याने सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतात. मात्र त्या परीक्षेत कोणते विषय द्यायचे हे प्रत्येक विद्यापीठ वेगळं सांगतं. परीक्षेचा फॉर्म भरण्याआधीच ते माहितीपत्रकात वाचा, कारण विषयांची जुळणी चुकली तर चांगले गुणही उपयोगी पडत नाहीत.

जिथे स्वतःबद्दलचं लेखी निवेदन मागतात तिथे खरी मेहनत घ्या. यूकासमध्ये 2026च्या प्रवेशांपासून सलग निबंधाऐवजी तीन प्रश्न आहेत: हा विषय का, आतापर्यंतच्या शिक्षणाने काय तयारी झाली आणि शिक्षणाबाहेर काय केलं. तिन्ही मिळून 4000 अक्षरांची मर्यादा आहे, रिकाम्या जागा धरून. ‘मला समाजाची आवड आहे’ या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी डोळ्यांनी पाहिलेलं एक काहीतरी घ्या. दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात कुणाला बसायला सांगतात, कुणाला उभं ठेवतात, रुग्णाच्या वतीने कोण बोलतं? हे का घडतं, असं विचारा. कपडे, भाषा, वय, की आणखी काही? एवढ्यात तुमची विचार करण्याची रीत दिसते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमने 1897 साली आत्महत्येसारख्या अगदी खाजगी वाटणाऱ्या गोष्टीत समाजाची कारणं शोधली. विषयाचा गाभा तोच आहे. समाजसेवेची प्रमाणपत्रं जोडायला हरकत नाही, पण त्यांनी ही जागा भरून निघत नाही.

कागदपत्रांत गुणपत्रकं, ओळखपत्र, फोटो, सही आणि मागितलं असेल तिथे शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. शिक्षकांना महिनाभर आधी सांगा आणि तुम्ही वर्गात केलेल्या कामाची आठवण करून द्या. गुणपत्रक आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय ना, ते आजच बघा. दुरुस्तीला वेळ लागतो आणि पडताळणी नेमकी तिथेच अडते. आरक्षण किंवा शिष्यवृत्तीची प्रमाणपत्रं चालू मुदतीची हवीत.

पसंतीक्रम लावण्याआधी अभ्यासक्रम उघडा. मार्क्स, दुर्खीम, वेबर हे विचारवंत जवळपास सगळीकडे असतात. फरक पडतो तो संशोधन पद्धतीत. मुलाखत घेणं, प्रश्नावली बांधणं, आकडेवारी वाचणं हे खरोखर करून घेतात का? शेवटच्या वर्षी स्वतःचा प्रकल्प आहे का? जिथे नुसती लेखी परीक्षा आहे, ते विद्यापीठ नाव मोठं असलं तरी मी यादीत खाली ठेवेन.

जागा मिळाल्यावर स्वीकृती कळवायची आणि शुल्क भरायची मुदत बहुधा थोड्या दिवसांची असते. अर्जात दिलेला ईमेल रोज तपासा आणि मूळ कागदपत्रं हाताशी ठेवा.