दृश्यकेंद्रकी पेशींचा उगम आणि बेळगाव सीमाभागातील सूक्ष्म परजीवी

ज्या पेशीतील गुणसूत्रे पटलाने वेढलेल्या केंद्रकात असतात, तिला दृश्यकेंद्रकी पेशी म्हणतात. जीवाणू आणि आर्किया यांच्या पेशींत असे केंद्रक नसते, त्या आदिकेंद्रकी. माणूस, म्हैस, ऊस आणि अळंबी हे दृश्यकेंद्रकी आहेतच. पण हिवतापाचा प्लास्मोडियम, गोचीड तापाचा थायलेरिया, आवेचा एन्टअमीबा आणि बटाट्यावर करपा आणणारा फायटोफ्थोरा हेही त्याच घराण्यातले. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या सीमाभागात दवाखाना, गोठा आणि शेत अशा तिन्ही ठिकाणी यांच्याशी गाठ पडते. डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून त्यांना जीवाणूंच्या पंगतीला बसवायची सवय जुनी आहे, आणि औषध निवडताना ती महागात पडते. एकपेशी परजीवी म्हणजे उत्क्रांतीच्या पहिल्या पायरीवर राहून गेलेले जीव, ही समजूतही तितकीच फसवी आहे. त्यांचे पूर्वज त्यांच्यापेक्षा गुंतागुंतीचे होते. परजीवी झाल्यावर त्यांनी एकेक गोष्ट टाकून दिली.

काळ

हवेत ऑक्सिजन साचू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. दृश्यकेंद्रकी म्हणून बहुतेकांना मान्य असलेले सर्वांत जुने जीवाश्म चीन आणि ऑस्ट्रेलियातील सुमारे १६५ कोटी वर्षांच्या खडकांत सापडले आहेत. म्हणजे पृथ्वीवरच्या जीवसृष्टीचा निम्म्याहून अधिक काळ केंद्रकावाचून गेला. सीमाभागातच हा काळ पायाखाली आहे. बेळगाव शहराभोवतीचा काळा पाषाण तसा तरुण, जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. घटप्रभा नदी गोकाकला ज्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते, तो कलादगी समूहाचा वालुकाश्म मात्र १०० कोटी वर्षांच्या आगेमागे साचलेला आहे. याच समूहाच्या बागलकोटकडील चुनखडक व डोलोमाइटमध्ये स्ट्रोमॅटोलाइट आढळतात. उथळ पाण्यात सूक्ष्मजीवांच्या चिकट थरांवर गाळ बसत जाऊन तयार झालेले हे पापुद्रे. धबधबा बघायला येणाऱ्यांना तिथे याची माहिती देणारी एखादी पाटी असायला हरकत नाही.

पेशीत पेशी

हरितलवके ही मूळची स्वतंत्र जीवाणू असावीत, असे रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ कॉन्स्टंटिन मेरेश्कोव्स्की यांनी १९०५ मध्ये मांडले. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांबद्दल (मायटोकॉन्ड्रिया) तसाच विचार अमेरिकेत आयव्हन वॉलिन यांनी १९२० च्या दशकात केला. दोघांनाही कोणी फारसे मनावर घेतले नाही. १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस यांचा याच विषयावरचा लेख प्रसिद्ध झाला, तोही अनेक नियतकालिकांकडून साभार परत आल्यानंतर. पुढे पुरावे साचत गेले. तंतुकणिकेत स्वतःचा वर्तुळाकार डीएनए असतो, तिचे रायबोसोम, म्हणजे प्रथिने घडवणारे कण, जीवाणूंच्या वळणाचे असतात आणि ती नव्याने घडत नाही, आधीच्या तंतुकणिकेचे विभाजन होऊनच तयार होते. आज या अंतःसहजीवन सिद्धांताबद्दल जीवशास्त्रज्ञांत मूलभूत मतभेद उरलेला नाही.

माणसाच्या तंतुकणिकेत केवळ ३७ जनुके उरली आहेत आणि त्यांतली १३ प्रथिनांसाठी आहेत. तिला लागणाऱ्या हजारभर इतर प्रथिनांची जनुके केंद्रकात जाऊन बसली. कसणारे कूळ एक आणि उतारा मालकाच्या पेटीत, असा हा व्यवहार. एकदा उतारा गेला की कूळ घर सोडून जाऊ शकत नाही. साधा भाडेकरू आणि पेशीचा अवयव यांतला फरक इथेच पडतो.

तंतुकणिकेचा पूर्वज अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया या जीवाणूगटातला होता. त्याच गटात रिकेट्सिया मोडतो. टायफसचा कारक रिकेट्सिया प्रोवाझेकी याचा संपूर्ण जनुकसंच १९९८ मध्ये वाचला गेला, तेव्हा प्रथिनांची ८३४ जनुके हाती लागली आणि ऊर्जानिर्मितीची यंत्रणा तंतुकणिकेशी कमालीची मिळतीजुळती निघाली. कर्नाटक-महाराष्ट्रात आढळणारा स्क्रब टायफस याच कुळातल्या ओरिएन्शिया सुत्सुगामुशी या जीवाणूमुळे होतो. झुडपांतल्या अतिसूक्ष्म माइटच्या अळीचा चावा, ताप, आणि पुष्कळदा चावल्या जागी विडीच्या चटक्यासारखा दिसणारा काळा डाग ही त्याची खूण. हा डाग काखेत, जांघेत किंवा कमरेच्या नाडीखाली लपतो, म्हणून कपडे काढून तपासल्याशिवाय सापडत नाही. हा जीवाणूही यजमानाच्या पेशीत शिरून राहतो आणि बाहेर जगू शकत नाही. एकाच गटातून एक शाखा पेशीचा अवयव झाली आणि दुसरी रोगजंतू, हे या कथेतले सर्वांत विलक्षण वळण म्हणावे लागेल.

यजमान कोण होता

तंतुकणिकेच्या पूर्वजाला आत घेणारा यजमान आर्कियांत शोधला जातो. १९७७ मध्ये कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी आर्किया हा जीवाणूंपासून निराळा गट असल्याचे दाखवले. २०१५ मध्ये ग्रीनलंड आणि नॉर्वे यांच्यामधल्या समुद्रतळावरील गाळात लोकीआर्किया सापडले. म्हणजे त्यांचा डीएनए सापडला. प्रत्यक्ष जीव कोणी पाहिला नव्हता. पेशीचा सांगाडा घडवणाऱ्या, एरवी दृश्यकेंद्रकींतच आढळणाऱ्या प्रथिनांची जनुके त्यात होती. या आणि नंतर सापडलेल्या जवळच्या गटांना नॉर्स देवलोकावरून अ‍ॅस्गार्ड आर्किया हे नाव मिळाले. त्यांतला पहिला जीव जपानी संशोधकांनी सुमारे बारा वर्षांच्या खटपटीनंतर प्रयोगशाळेत वाढवला आणि २०२० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याची संख्या दुप्पट व्हायला १४ ते २५ दिवस लागतात, तो जोडीदार सूक्ष्मजीवाशिवाय वाढत नाही, आणि त्याच्या पेशीतून लांब, फाटे फुटलेले हात बाहेर येतात. जीवाणूला गिळण्याऐवजी अशा हातांनी वेढत-वेढत आत घेतले असावे, असा त्या संशोधकांचा तर्क आहे. केंद्रक आधी की तंतुकणिका आधी, हा वाद मात्र मिटलेला नाही.

परजीवींचे कोडे

टॉमस कॅव्हेलियर-स्मिथ यांनी १९८३ मध्ये आर्किझोआ ही कल्पना मांडली. आतड्यातला जिआर्डिया, आवेचा एन्टअमीबा, योनिमार्गातला ट्रायकोमोनास आणि कीटकांपासून माणसापर्यंत अनेकांत राहणारे मायक्रोस्पोरिडिया यांत तंतुकणिका दिसत नव्हत्या. तेव्हा हे जीव तंतुकणिका येण्याआधीच वेगळे झाले असावेत, असे त्यांचे म्हणणे. जनुकांवरून काढलेल्या पहिल्या वंशवृक्षांनीही दुजोरा दिला आणि हे परजीवी बुंध्यापाशी बसले.

कल्पना सुबक होती, पण टिकली नाही. एन्टअमीबात १९९९ मध्ये, मायक्रोस्पोरिडियात २००२ मध्ये आणि जिआर्डियात २००३ मध्ये दुपदरी पटलाचे बारीक अवशेष सापडले. त्यांना मायटोसोम म्हणतात. त्यांना ना स्वतःचा डीएनए, ना ऑक्सिजन वापरण्याची ताकद; जिआर्डियात त्यांचे मुख्य काम लोह-गंधक संयुगे जुळवण्याचे. ट्रायकोमोनासमधली हायड्रोजन सोडणारी कणिकाही तंतुकणिकेचेच बदललेले रूप ठरली. वंशवृक्ष फसले, कारण परजीवींची जनुके झपाट्याने बदलतात आणि वेगाने बदललेल्या फांद्या गणितात एकमेकींकडे व बुंध्याकडे ओढल्या जातात. मायक्रोस्पोरिडिया तर बुरशीचे सख्खे नातेवाईक निघाले. त्यांतल्या एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली याच्याकडे जेमतेम २,००० जनुके आहेत, कितीतरी जीवाणूंपेक्षा कमी. कर्नाटकातील रेशीम उद्योगाला धास्ती घालणारा पेब्रिन रोग मायक्रोस्पोरिडियाच करतात. अंडी घातलेली रेशीमपतंगाची मादी चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची लुई पाश्चर यांची १८६० च्या दशकातली पद्धत निरोगी अंडीपुंजांसाठी अजून वापरात आहे.

तंतुकणिका पूर्णपणे गमावलेला पहिला दृश्यकेंद्रकी जीव २०१६ मध्ये नक्की झाला, मोनोसर्कोमोनॉइड्स, चिंचिला या प्राण्याच्या आतड्यातला. त्याचे नातेवाईक पाहता त्याच्या पूर्वजांतही ती होतीच.

आव पडली की डॉक्टर लिहून देतात ते मेट्रोनिडॅझोल हे औषध या इतिहासाशी जोडलेले आहे. ते मुळात निरुपद्रवी असते आणि ऑक्सिजनविना जगणाऱ्या जीवांतील विशिष्ट विकरांमुळे (एन्झाइम) पेशीत शिरल्यावर विषारी बनते. म्हणून ते अमीबा, जिआर्डिया आणि ऑक्सिजन न सोसणारे जीवाणू या सर्वांवर चालते. आपल्या पेशींत ती विकरे नाहीत.

गोठ्यातला आणि रक्तातला पाहुणा

प्लास्मोडियम आणि थायलेरिया हे एपिकॉम्प्लेक्सा गटाचे. १९९० च्या दशकात या गटातील परजीवींच्या पेशींत चार पदरांची एक कणिका ओळखली गेली. तिचा डीएनए हरितलवकाचा होता! यांच्या कुठल्या तरी पूर्वजाने तांबडे शेवाळ पोटात घेतले आणि त्या शेवाळाने त्याआधी नीलहरित जीवाणू. या कणिकेला एपिकोप्लास्ट म्हणतात. प्रकाशसंश्लेषण केव्हाच संपले, पण काही आवश्यक स्निग्धसदृश रेणू तिथेच बनतात, म्हणून परजीवी तिला सोडू शकत नाही. सिडनीच्या बंदरातील प्रवाळात सापडलेला आणि २००८ मध्ये वर्णन झालेला क्रोमेरा हा यांचा नातेवाईक आजही सूर्यप्रकाशावर जगतो. जीवाणूंवरचे डॉक्सिसायक्लिन हिवतापावर का चालते, याचे उत्तर एपिकोप्लास्टच्या जीवाणूवळणी रायबोसोममध्ये आहे. परिणाम मात्र उशिरा दिसतो: औषध घेतलेल्या परजीवीची ती पिढी तगते, पुढची मरते. म्हणूनच ते एकटे द्यायचे औषध नव्हे.

दूध धंद्यासाठी एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) आणि जर्सी संकरित गाई पाळल्या जाऊ लागल्या, तसा गोचीड ताप शेतकऱ्याच्या ओळखीचा झाला. देशी जनावर त्याला त्या मानाने बरेच दाद देत नाही. जनावर चारा टाकते, दूध एकदम उतरते, ताप चढतो आणि खांद्यापुढची गाठ हाताला लिंबाएवढी लागते. गाठीत काय चालले असते ते पाहण्यासारखे आहे. थायलेरिया पांढऱ्या पेशीत शिरून तिला अखंड विभाजित व्हायला लावतो आणि विभाजनाच्या धाग्यांना स्वतः चिकटून दोन्ही लेकपेशींत वाटला जातो. पेशी कर्करोगाच्या पेशीसारखी वागू लागते, पण परजीवी मेला की हे थांबते. त्यावरचे बुपार्वाक्वोन हे इंजेक्शन परजीवीच्या तंतुकणिकेतील सायटोक्रोम बी या प्रथिनावर बसते.

करपा आणि डाऊनी

बेळगाव-खानापूरच्या तांबड्या मातीत बटाटा हे पावसाळी पीक. आभाळ दाटून राहिले, झिमझिम थांबेना, की पानाच्या कडेला पाणी शोषल्यासारखा काळपट डाग पडतो. सकाळी ते पान उलटून पाहिले तर डागाच्या काठाने पांढरी बारीक लव दिसते. ही बुरशी नव्हे. फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स हा ऊमायसीट गटातला, समुद्रातल्या तपकिरी शेवाळांचा नातलग. त्याच्या पेशीभित्तीत सेल्युलोज असते. पानावरच्या गार थेंबात त्याच्या बीजाणुपिशव्या फुटतात आणि दोन शेपट्यांचे, पोहणारे बीजाणू बाहेर पडतात. एक शेपटी केसाळ, दुसरी गुळगुळीत, अगदी शेवाळाच्या बीजाणूसारखी. १८४५ नंतरचा आयर्लंडचा दुष्काळ याच जीवाने आणला. अथणीकडच्या द्राक्षबागांत तेलकट डाग पाडणारा डाऊनी म्हणजे केवडा हाही ऊमायसीटच. भुरी मात्र खरी बुरशी.

कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक खऱ्या बुरशीवर चालते, करप्यावर नाही. अ‍ॅझोल गटातली औषधे बुरशीच्या पटलातले अर्गोस्टेरॉल बनणे रोखतात. फायटोफ्थोरा ते बनवतच नाही, त्यामुळे तिथेही पैसे पाण्यात. मेटालॅक्झिल ऊमायसीटवर नेमके काम करते, पण एकाच जागी घाव घालत असल्याने त्याला न जुमानणारे वाण द्राक्षात आणि बटाट्यात जगभर निपजले आहेत. मॅन्कोझेब अनेक जागी मारा करते, म्हणून ते त्याच्या जोडीला दिले जाते. थायलेरियातही तेच घडते आहे: ट्युनिशिया, इराण आणि तुर्कस्तानात बुपार्वाक्वोनला न जुमानणारे परजीवी आढळले, आणि त्यांच्यातला बदल तंतुकणिकेकडे अजून उरलेल्या मोजक्या जनुकांपैकी एकात, सायटोक्रोम बी मध्ये, निघाला.